मांडीखाली दाबलेले हात

समजा, तुमच्यासमोर चार-पाच वर्षांची सहा-सात मुलं वाळूत बसली आहेत. वाळू लाल, भुसभुशीत, हाताने सारखी केलेली. तुम्हाला एक गोष्ट पाठ आहे. त्यातली प्रत्येक वाट, प्रत्येक पाणवठा, कोण कुठे बसलं, कोण कुठून उठलं, सगळं. ती वाळूत कशी काढायची तेही पाठ आहे. त्या मुलांपैकी एकीला ती शिकवायची आहे. अट एकच, तुमचं बोट वाळूला लागता कामा नये. गोष्ट तोंडाने सांगा हवी तर, पण रेघ सांगायची नाही. ‘इथे वळव, तिथे थांब’ म्हणायचं नाही. रेघ तिने काढायची. तुम्ही फक्त ‘बरोबर’ म्हणायचं, नाहीतर ‘चूक’.

करून बघा. मी पंप आणि कूलर दुरुस्त करते. माझ्या धंद्यात शिकवायचं म्हणजे पाना हातात घ्यायचा आणि करून दाखवायचं. दाखवता येत नसेल तर मी संध्याकाळपर्यंत वेडी होईन. मर्टल नपुरुला हे काम सत्तरी उलटल्यावर करत होती. आणि ती दमली होती.

आमची आदिवासी वस्ती ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात, एलिस स्प्रिंग्ज गावाच्या वायव्येला, डांबर संपतं त्याच्याही बरंच पुढे. मी इथे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला नात्यात बसवलं गेलं, कारण नात्याशिवाय माणसाला हाक कशी मारायची हेच कुणाला कळत नाही. इथे प्रत्येकाला नात्याचं एक नाव असतं, मर्टलचं नपुरुला तसं; मी झाले नकमारा. त्या हिशेबाने मी मर्टलच्या वडिलांची बहीण. म्हणून ही पांढऱ्या केसांची बाई मला, तिच्या नातीच्या वयाच्या मुलीला, सगळ्यांदेखत ‘आत्या’ म्हणते.

“आत्या, भाची उकडून मेली तरी चालेल तुला. कूलर कधी बघणार?”

“काल तर बघितला.”

“काल बघितलास. दुरुस्त कुठे केलास?”

वस्तीत कुणाचंही काही अडलं की लोक मर्टलकडे जायचे. म्हाताऱ्यांना गोळ्या घ्यायला लावायच्या तर नर्स मर्टलला बोलवायची. नवीन रस्ता आखणारे साहेब कुठे खणायचं नाही ते मर्टलला विचारायचे. मर्तिकाला कुणी कुठे बसायचं तेही तिनेच सांगायचं. एकदा तिला विचारलं, “नाही म्हणता येत नाही का तुला?” ती म्हणाली, “येतं. पण ते समजावून सांगायला जास्त दम लागतो.” त्यात तिची मूत्रपिंडं थकत चालली होती. डायलिसिसच्या मशीनवर जावं लागणार, आणि मशीन एलिसला. एकदा एलिसला गेलेली माणसं तिथलीच होतात, हे ती ओळखून होती. नर्स ‘कधी जातेस’ विचारायची आणि मर्टल ‘बघू’ म्हणायची. ती ‘बघू’ का म्हणत होती, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आमच्याकडे गोष्टीला मालक असतो आणि राखणदार असतो. वडिलांकडून आलेली गोष्ट तुमच्या मालकीची. आईच्या माहेरची गोष्ट तुमची नाही, पण राखायची तुम्हीच. मालकाने चित्र काढायचं. राखणदाराने शेजारी बसून बघायचं, आणि चुकलं की चूक म्हणायचं. राखणदार नसेल तर मालकाने ब्रश उचलू नये. काही घरांत हे सैल झालंय, राखणदारही रंग भरतात, रेघ मारतात, कुणी काही म्हणत नाही. मर्टलच्या आईच्या माहेरी ते सैल झालं नव्हतं, कारण तिथे मर्टल होती.

त्या माहेरची मालकीण म्हणजे मर्टलची मामेबहीण. तिची चित्रं फार लांब लांब गेली. तिचं नाव मी लिहीत नाही. ती गेली आहे, आणि गेलेल्याचं नाव आम्ही तोंडावर आणत नाही. ती होती तेव्हा दोघी आर्ट सेंटरच्या ओसरीत रोज बसायच्या. मामेबहीण कॅनव्हासवर वाकलेली, मर्टल शेजारी गोड मिट्ट चहाचा मग घेऊन पाय पसरून बसलेली. तास तास काही नाही, मग एकदम, “चूक.” मामेबहीण शिवी हासडायची आणि ते पुसायची. पाहुणे यायचे, ठिपके बघून हरखून जायचे. एकदा एका फोटो काढणाऱ्याने मर्टलला हाताने खूण केली, जरा बाजूला होता का म्हणून. मर्टल उठली, बाजूला झाली. मामेबहिणीने ब्रश खाली ठेवला.

“काय झालं?” तो म्हणाला.

“ती उठली ना,” मामेबहीण म्हणाली. “आता मी काय हवेत काढू?”

ती गेली तेव्हा तिची चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली. गोष्ट बंद झाली. कुणी काढायची नाही, सांगायची नाही. मर्टल तरीही आर्ट सेंटरच्या ओसरीत येऊन बसायची, चहाचा मग घेऊन, रिकाम्या जागेशेजारी. पुढे तेही थांबलं.

मग या थंडीत एका सकाळी विल्फ्रेड आर्ट सेंटरमध्ये आला. विल्फ्रेड जुंगराई म्हणजे त्या गेलेल्या बाईचा भाऊ, मर्टलचा मामेभाऊ. त्याने आपल्या हाताने एक मोठं चित्र भिंतीकडून फिरवलं, त्याच्यासमोर बसून रडला, आणि मग चहा मागितला. म्हणजे गोष्ट उघडली.

पण काढणार कोण? ही बायकांची गोष्ट, विल्फ्रेडला ती काढता येत नाही. त्याला मुलगी नाही. एकच मुलगा, तो खाणीवर कामाला, आणि त्या मुलाची मुलगी शनेल. शनेल चार वर्षांची. अख्ख्या घरात गोष्टीची मालकीण म्हणावी अशी तेवढी एकच उरली होती, आणि तिला तेव्हा सगळ्यात जास्त आवडायची ती आजोबांची टोयोटा.

नात्याची गंमत अशी की नात ही आजोबांच्या बहिणीच्या जागी येते. म्हणजे शनेलही त्या गेलेल्या बाईसारखी नुंगराई, मर्टलची मामेबहीण. मर्टल तिला तशीच हाक मारायची आणि शनेल तिला ‘ए नपुरुला’ म्हणायची, बरोबरीची असल्यासारखी. बरोबरीचीच होती ती.

शनेल बालवाडीत जायची, म्हणून मर्टलही तिथे जायला लागली. तिथे टेस नावाची शिक्षिका होती. मेहनती पोरगी. तिने कागदी ताटल्या आणि रंगाच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, मुलांनी ठिपके ठिपके काढावेत म्हणून. मर्टलने एक ताटली उचलली, उलटसुलट करून पाहिली.

“हे काय?”

“ठिपक्यांची चित्रं,” टेस म्हणाली. “तुमची कला मुलांना लहानपणापासून कळावी म्हणून.”

“ठिपके तर गोवरातही येतात,” मर्टल म्हणाली, आणि गुडघे धरत वाळूत उतरली.

पहिल्या दिवशी तिने मुलांना नुसतं मांडी घालून बसवलं, उठवलं आणि मागे वळून बघायला लावलं. वाळूत प्रत्येकाची खूण, घोड्याच्या नालेसारखी. “चित्रात हे दिसलं की काय समजायचं?” मुलांनी आपापल्या बुडाची खूण पाहिली आणि एकच खिदळणं सुरू झालं. “माणूस,” एक मुलगा म्हणाला. “माणूस बसलाय.” “बसला होता,” मर्टल म्हणाली. “आता उठला. खूण राहिली.” मग तिने रोजच्या गोष्टी काढल्या, त्या कुणीही काढाव्यात. आई बसली, शेकोटी पेटवली, कुत्रा आला, रोट पळवला. कुत्र्याची पावलं मुलांनीच काढली, पुढचा पाय कुठला, मागचा कुठला, त्यावर भांडणंही झाली. एक प्रसंग संपला की मर्टल तळहाताने वाळू पुसायची. पुसली की सगळे गप्प. पुढचं येणार.

आणि एक दिवस ती त्यांना आर्ट सेंटरमध्ये घेऊन गेली. मोठं चित्र भिंतीवर टांगलं होतं. तिने ते खाली काढायला लावलं.

टेस घाबरली. “मुलांचे हात चिकट आहेत हो. भिंतीवर नीट दिसतं ना.”

“भिंतीवर जमीन उभी राहते. उभ्या जमिनीवर चालायचं कसं?”

चित्र जमिनीवर अंथरलं. मुलं त्याच्या कडेकडेने फिरली, वाकून, उकिडवी बसून, चारी बाजूंनी. “हा पाणवठा.” “ही बसलीय.” “ह्या खूप जणी चालल्यात.” “परातीत बी आहे.” कुणी शिकवलं नव्हतं, पण वाचता येत होतं. शनेल एका रेघेपाशी बराच वेळ थांबली. मर्टल तिच्याकडे बघत राहिली. मग शनेल म्हणाली, “इथे टोयोटा जाईल का?”

गोष्ट अशी. म्हणजे जेवढी मला सांगायची मुभा आहे तेवढी. बायका रानातली बी गोळा करत एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे निघाल्या. वाटेत एक म्हातारी दमून खाली बसली. पुढे गेलेल्या परत मागे आल्या, तिच्याभोवती बसल्या, आणि मग सगळ्या मिळून पुढे गेल्या. चित्रात म्हणून रेघ सरळ जात नाही. मागे येते, वळसा घेते, मग पुढे जाते. गेलेल्या बाईने आयुष्यभर काढलेल्या चित्रांत मर्टल सगळ्यात जास्त जपायची ते हे वळण. त्यापुढेही गोष्ट आहे. ती माझी नाही.

त्यानंतर दर आठवड्याला मी गाडीतून आणून सोडलं की मर्टल बालवाडीच्या सावलीत बसायची, गोष्ट सांगायची आणि शनेलसमोर वाळू सारखी करायची. शनेल दोन पाणवठे काढायची, गोल गोल, छान. आणि मग पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ, एलिसच्या रस्त्यासारखी.

“चूक.”

पुसायचं. पुन्हा सरळ रेघ.

“चूक.”

“का चूक?”

“म्हातारी कुठे आहे?”

शनेलने रेघेवर एक नाल काढली. “ही घे म्हातारी.”

“चूक.”

“तू नुसती चूक चूक करतेस! मग तू काढून दाखव!”

मर्टलने दोन्ही हात मांडीखाली सरकवले. खरंच सरकवले, दाबून धरले. बाकीची मुलं हसायला लागली.

“तिला येतच नाही,” शनेल त्यांना म्हणाली. “नपुरुलाला येत नाही.”

टेस माझ्याजवळ हळूच म्हणाली, “एकदाच दाखवलं तर काय होतं?” मलाही तेच वाटत होतं. घरी सोडताना गाडीत मी मर्टलला विचारलं. “एकदा काढलंस तर बघणार कोण आहे?”

“मीच की,” ती म्हणाली. “बघायला तर मलाच बसवलंय. चोरही मी आणि राखणदारही मी, मग ओरडू कुणाच्या नावाने?” मग म्हणाली, “आणि मी काढलेलं पोर शिकलं, तर ती माझी रेघ शिकेल. माझी रेघ कुणाची आहे? कुणाचीच नाही. गोष्ट नीट सांभाळायची होती मला, त्याच्यात ही पोर आली आणि मी इतकी दमलेय की मला तिचा राग पण धड येत नाही.”

ऊन वाढलं. बालवाडीच्या कूलरचा पंप अडकला आणि मी छतावर चढले. खाली सावलीच्या कडेला मर्टल बसली होती, पाय पसरून, पाठ खांबाला टेकून. मुलं आत पाणी प्यायला गेली होती, शनेल एकटी तिच्याजवळ खेळत होती. मी जाळी उघडली, आतला गाळ काढला. पुन्हा खाली पाहिलं तर मर्टलची मान छातीवर पडली होती. झोपली होती ती.

शनेल बोटाने रेघ ओढत होती. एका गोलापासून निघालेली, गुडघ्यांवर रांगत, तोंडाने गाडीचा नाही, काहीतरी वेगळाच आवाज करत. रेघ मर्टलच्या पायांना येऊन भिडली. शनेल थांबली. मागे सरकली. मग रेघ मर्टलच्या बाजूने वळली, तिच्या पाठीमागून खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आली, आणि पुढच्या गोलाकडे गेली.

मी छतावर होते, म्हणून मला ते वरून दिसलं. आर्ट सेंटरमध्ये जमिनीवर अंथरलेलं दिसतं तसंच. मागे येणारी रेघ, दमून बसलेल्या म्हातारीभोवतीचा वळसा. हातातला पाना मी इतका घट्ट धरला होता की नंतर बोटं दुखत होती. पण मी हाक मारू शकत नव्हते. मी बरोबर म्हणणारी कोण?

शनेलने मर्टलचा गुडघा हलवला. “नपुरुला. ए नपुरुला. बघ.”

मर्टलने डोळे उघडायच्या आधी तोंड उघडलं.

“चूक,” ती म्हणाली.

शनेलने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही तळहातांनी खसाखस सगळं पुसलं आणि आत पळाली.

मी शिडीवरून उतरले तोवर मर्टल पूर्ण जागी झाली होती. तिच्या पाठीमागे, खांबापाशी, पोरीचा हात पोचला नव्हता तिथे रेघेचा तुकडा उरला होता. ती अंग वळवून त्या तुकड्याकडे बघत होती.

“वळली होती?” तिने मला विचारलं.

तिला माझ्या तोंडावरून कळलं असावं.

त्याच दुपारी तिने मला विल्फ्रेडकडे न्यायला लावलं. तो झाडाखाली खाटेवर पडला होता. कुत्री खाटेखाली.

“राखणदाराने बरोबरला चूक म्हटलं, तर काय करायचं?” मर्टलने उभ्या उभ्याच विचारलं.

“तर राखणदार म्हातारी झाली म्हणायचं,” विल्फ्रेड म्हणाला.

“दमलेय मी.”

“तू जन्मलीस तेव्हाच दमलेली होतीस. तुझी आई सांगायची, रडायला सुद्धा दुसऱ्या दिवशी लागलीस.”

“विल्फ्रेड, मी चूक म्हटलं आणि तिने पुसलं. आता ती पुन्हा काढणार नाही. नर्स म्हणते लवकर एलिसला चल. तू मालक आहेस, तू सांग तिला.”

तो उठून बसला. आता तो हसत नव्हता. “मी कशाचा मालक? बायकांची गोष्ट. माझी बहीण होती ती गेली. आता मालकीण ती आहे. तिच्याकडे जा.”

“चार वर्षांची आहे ती. नाक पुसता येत नाही तिला.”

“मग रुमाल घेऊन जा,” विल्फ्रेड म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला.

मर्टल गेली. शनेल संत्रं खात होती. मर्टल तिच्यासमोर वाळूत बसली आणि म्हणाली, “मामेबहिणी, मी चुकले.”

“तू चूक म्हणालीस.”

“झोपेत होते मी.”

“झोपेत चूक म्हणतात?”

“माझ्यासारखीला सवय लागते.”

शनेलने संत्र्याची बी थुंकली. “मी टोयोटा काढणार,” ती म्हणाली.

आणि तिने टोयोटा काढली. पुढच्या आठवड्यातही टोयोटा, त्याच्या पुढच्याही. बाजूला वडिलांच्या खाणीचा ट्रक, त्याला मोठाली चाकं. मर्टल गोष्ट सांगायची, वाळू सारखी करायची आणि टोयोटाकडे बघत बसायची. ‘चूक’ म्हणत नव्हती. टोयोटाला चूक कसं म्हणणार? तिचे पाय सुजायला लागले होते. मी तिला गाडीत चढवताना खालून ढकलायची, आणि ती म्हणायची, “आत्या, भाचीचं वजन वाढलंय का तू म्हातारी झालीस?” नर्सने तारीख ठरवली. या वेळी मर्टल ‘बघू’ म्हणाली नाही.

जायच्या आधीच्या दिवशी ती बालवाडीत आली आणि नेहमीच्या सावलीत, पण या वेळी वाळूच्या बाहेर, बाकावर बसली. खाली बसणं आता तिला झेपत नव्हतं. तिने गोष्ट सांगितली नाही. मला वाटतं तिच्यात सांगायचा दम नव्हता. नुसती बघत बसली.

शनेलने दोन गोल काढले. मग उठून मर्टलसमोर येऊन उभी राहिली. हातावर हात बांधून, अगदी आजोबांसारखी.

“नपुरुला, तू इथे बस.”

“बसलेय की.”

“इथे नाही. तिथे.” तिने गोलांच्या मध्ये बोट दाखवलं.

टेस म्हणाली, “शनेल, आजींचे पाय दुखतात.” मर्टलने तिला हाताने गप्प केलं. एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने टेसने, आणि आम्ही तिला वाळूत उतरवलं.

“आता झोप,” शनेल म्हणाली.

मर्टलने डोळे मिटले. हात मांडीखाली होतेच.

रेघ निघाली, तिच्या पायांपर्यंत आली, मागे फिरली, तिच्या पाठीमागून वळसा घेऊन पुढच्या पाणवठ्याकडे गेली. या वेळी शनेलने वळशात, मर्टलच्या चहूबाजूंनी, छोट्या छोट्या नालाही काढल्या. परत आलेल्या बायका.

“बघ,” शनेल म्हणाली.

मर्टलने आधी डोळे उघडले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान वळेल तेवढी वळवून मागे पाहिलं.

“बरोबर,” ती म्हणाली.

“मला माहीत होतं,” शनेल म्हणाली आणि घसरगुंडीकडे पळाली.

आम्ही मर्टलला उठवलं तेव्हा वळशाच्या मधोमध तिच्या बसण्याची खूण राहिली, मोठी, खोल. ती पुसू नका असं तिने टेसला सांगितलं. मग म्हणाली, “जाऊ दे. वारा पुसेलच.”

घरी नेताना ती गाडीत मान मागे टेकून बसली होती. मला वाटलं झोपली. दारापाशी गाडी थांबवली तर डोळे उघडे होते. कुत्री भुंकत आली, तिने हटकली नाहीत.

“आत्या,” ती म्हणाली, “तू वरून पाहिलंस ना त्या दिवशी. मला एक सांग. त्या पोरीची रेघ वळली ती गोष्टीतली म्हातारी दमली म्हणून, की नुसती मी वाटेत बसले होते म्हणून? उद्या मी एलिसला गेले, आणि इथे वाळूत कुणीच बसलेलं नसलं, तर वळेल का ती?”